ठकुबाईंचं प्रस्थान

पुण्याची गाडी बंगलोर सिटी स्टेशनातून सुटायची, पण आमचा प्रवास सुरू व्हायचा तो कॉटनपेटेतल्या एका शिंप्याच्या घरातून, गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी. याचं कारण माझ्या सासूबाई आणि त्यांचं पंचांग.

माझे यजमान चंद्रकांत जालहळ्ळीच्या कारखान्यात इंजिनीअर होते. रजा साहेब देणार, मुहूर्त पंचांग देणार, आणि या दोघांची कधी गाठ पडायची नाही. रजा मिळाली की त्या दिवशी नेमकी भद्रा, अमावास्या, नाहीतर आणखी काहीतरी. जुन्या लोकांनी यावर तोड काढून ठेवली आहे. तिला प्रस्थान ठेवणं म्हणतात. चांगला दिवस बघायचा, जाणाऱ्याच्या अंगावरल्या कपड्याच्या तुकड्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधायचं आणि ती पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. झालं, माणूस निघाला. मग देह आपला रजा मिळेल तेव्हा निघू दे. जाताना पुरचुंडी उचलायची आणि पुढे व्हायचं. पथ्य एकच. ठेवलेली पुरचुंडी परत आपल्या घरात येता कामा नये. आली तर प्रवास मोडला, आणि मोडलेला प्रवास रेटून केला तर ज्याच्यासाठी निघालो त्याच्यावर बेततं.

मी एकोणीसशे चोपन्न साली लग्न होऊन पुण्याहून बंगलोरच्या मल्लेश्वरममध्ये आले तेव्हा या सगळ्याला हसले होते. सासूबाईंनी माझ्या नव्या लुगड्याच्या काठाचा तुकडा कापला.

मल्लेश्वरममध्ये मराठी घरं बरीच होती, पण मे महिन्यात झाडून सगळे गावाला जायचे. ज्याच्याकडे प्रस्थान ठेवावं तोच बोचकी बांधत बसलेला. अशा वेळी कोणीतरी ठकुबाईंचं घर शोधून काढलं. ते स्टेशनाजवळ होतं आणि मे महिन्यात तिथे हमखास माणूस असायचं, कारण त्यांचे यजमान देवाप्पा होल्डॉल शिवायचे. जाड कॅनव्हासचा, चामडी पट्ट्यांचा तो होल्डॉल. त्यात गाद्या, उशा, चपला आणि आयत्या वेळी आठवलेलं काहीही कोंबून आमची पिढी हिंदुस्थानभर फिरली. साऱ्या गावाचा प्रवासाचा महिना तो देवाप्पांच्या सुगीचा महिना. लोक निघायच्या गडबडीत असायचे तेव्हा हा माणूस मशीनवरून मान वर करत नसे.

आता पुणे आमच्या उत्तरेला आणि कॉटनपेट दक्षिणेला. प्रस्थान तर जायच्या दिशेला ठेवायचं. सासूबाईंनी एक दिवस विचार केला आणि निकाल दिला: गाडी जिथून सुटते ती जायची दिशा. गाडी सिटीहून सुटली की आमच्याच मल्लेश्वरमच्या रेल्वे फाटकावरून उत्तरेला जायची हे चंद्रकांतांनी त्यांना सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझा कारखाना तू बघ."

तर ठकुबाई. चाळिशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, तरतरीत, बोलताना समोरच्याचा दंड धरून ठेवायची सवय. त्यांच्या घराण्याला बंगलोरात किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. त्यात कानडी इतकं मुरलेलं की वेगळं काढता आलं नसतं. मला त्या क्षमाक्का म्हणायच्या. माझं नाव क्षमा आहे आणि स्वभाव नेमका उलटा, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं असावं, कारण माझ्या रागावण्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत एक कोनाडा होता. एप्रिल उजाडला की तो पुरचुंड्यांनी भरायला लागे. कोणाची कुठली यात कधी घोटाळा झाला नाही. यासाठी त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. मात्र परत आल्यावर कॉटनपेटेत यायचं आणि प्रवास सांगायचा, असा त्यांचा नेम होता. "कसे आहात" हा प्रश्न त्या विचारायच्या नाहीत. पुणं कसं होतं, लग्न कसं झालं, यातही त्यांना रस नसे. त्या दंड धरायच्या आणि म्हणायच्या, "हं, गाडी हलली. पुढं?"

मग आम्ही सांगायचो. दोन रात्री आणि मधला एक दिवस चालायचा तो प्रवास. संध्याकाळी गाडी सुटली की तुमकूर येईपर्यंत जागेवरून भांडणं, आणि अर्सीकेरेला त्याच भांडलेल्या माणसांशी डबे उघडून देवघेव. उजाडायचं दावणगेऱ्याच्या पुढे कुठेतरी, काळ्या रानात. हुबळीला तोंड धुवायला उतरायचं, धारवाडला खिडकीतून पेढे घ्यायचे. अळणावर सोडलं की जंगल सुरू व्हायचं आणि डब्यातली सगळी माणसं अचानक गप्प व्हायची, हे मी दर वेळी पाहिलंय. कारण मात्र मला अजून सांगता येणार नाही. लोंढ्याला इंजिन पाणी प्यायचं. बेळगावला डबा मराठी बोलायला लागायचा. आणि कुडचीच्या पुलावर, संध्याकाळच्या उजेडात, बायका खिडकीतून कृष्णेत पैसा टाकून हात जोडायच्या. मिरजेला झोप, आणि डोळे उघडले की घाट मागे पडून पुण्याची थंड हवा.

माझी सगळ्यांत आवडती आठवण छप्पन्न सालची. कोळशाचं इंजिन ते; खिडकीत बसायची हौस असेल तर डोळ्यांत कण जाणारच. हावेरीच्या पुढे माझ्या डोळ्यात असा कण गेला की डोळा उघडेना. चंद्रकांत पाणी, रुमाल, सल्ले, सगळं करून थकले. समोर एक खेडवळ कानडी बाई बसली होती, पायाशी मिरच्यांचं पोतं. ती उठली, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, पापणी उलटी केली आणि जिभेच्या शेंड्यानं कण काढून खिडकीबाहेर थुंकली. परत जाऊन आपल्या जागेवर बसली. माझ्या आईनंतर इतकं जवळून मला कोणी धरलं नव्हतं. मी हे ठकुबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी तीनदा सांगायला लावलं.

दोनेक वर्षांनी मी प्रस्थान ठेवायला गेले तर तिथे अलका बसली होती. अलका म्हणजे चंद्रकांतांच्या कारखान्यातल्या रत्नाकरांची बायको. ते दोघं नव्यानं बदली होऊन आले होते. ठकुबाई तिचा दंड धरून सांगत होत्या, "आमी गेलतो तेव्हा काय झालं, हावेरी सोडली, आणि माझ्या डोळ्यात कोळसा गेला बघा..." मिरच्यांचं पोतंसुद्धा सोडलं नव्हतं. मी दारात उभी. माझ्याकडे बघून त्या जराही अडखळल्या नाहीत.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अलका गेल्यावर मी सरळ विचारलं, "ठकुबाई, तुम्ही कधी गेला होता हो गाडीनं?"

"कुठं जाणार?" त्या म्हणाल्या. "माझं माहेर त्या दोन गल्ल्यांपलीकडं. सासर हे. मला कोण गाडीत बसवणार?"

"मग माझं तुमचं म्हणून का सांगता?"

त्यांनी देवाप्पांकडे पाहिलं. ते शिवत होते. "दर साली इचारते, आवंदा जायचं का पुण्याला. तर हे म्हणतात, मे महिना झाल्यावर. मे झाला की पाऊस. पाऊस झाला की गणपती, मग दिवाळीची शिलाई. मग परत मे." आणि माझ्याकडे वळून, "तुमी सांगितलं तरी तुमच्याकडं राहिलंच की, क्षमाक्का. कमी झालं काय? माझ्याकडं तर एकबी नाही."

मी माझी पुरचुंडी कोनाड्यात ठेवली आणि निघून आले. बसमध्ये मला वाईट वाटलं, ते त्यांच्याबद्दल. स्वतःबद्दलही थोडं वाटलं, पण कण माझ्याच डोळ्यात गेला होता हे काही मी सोडायला तयार नव्हते.

त्यांची एकुलती एक मुलगी चंपा पुण्याला दिली ती त्यानंतर. मला वाटतं, ते स्थळ ठकुबाईंनीच पुण्याचं म्हणून धरून ठेवलं असावं. पण लग्न बंगलोरला झालं, पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं, आणि ठकुबाई होत्या तिथेच राहिल्या. बासष्टच्या एप्रिलमध्ये चंपाचं कार्ड आलं. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, सासू नुकतीच वारलेली, घरात बाईमाणूस कोणी नाही. आईनं यावं.

देवाप्पा मोठ्यानं म्हणाले, "सरी, बरं. जा." त्यांच्या भोवती कापलेल्या कॅनव्हासचा ढीग होता, त्यामुळे स्वतः जाण्याचा विषयच नव्हता. रत्नाकर आणि अलका त्याच सुमारास निघणार होते, त्यांची सोबत ठरली.

आणि मग ठकुबाई आमच्याकडे आल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात पुरचुंडी होती, नेसूच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. इतकी वर्षं सगळ्यांची ठेवून घेणाऱ्या बाईला आपलं ठेवायला जागा हवी होती. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. ठकुबाई जाताना फाटकापर्यंत मी पोचवायला गेले. त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. खिडकी कुठल्या बाजूची धरू? पूल कुठल्या बाजूनं चांगला दिसतो? माझ्याकडून हे सगळं त्यांनी शंभरदा ऐकलेलं होतं.

आता इथे माझे यजमान येतात. चंद्रकांत हा देवमाणूस. दुसऱ्याची गैरसोय त्यांना बघवत नाही, आणि ती दूर करायच्या आधी ते कोणाला विचारत नाहीत. गाडी सुटायच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी आणि सासूबाई भजनाला गेलो होतो. त्यांच्या मनात आलं की ठकुबाई राहतात स्टेशनाजवळ. बिचारीला एवढ्याशा पुरचुंडीसाठी मल्लेश्वरमपर्यंत उलटं यावं लागणार. त्यांनी पुरचुंडी खिशात घातली, सायकल काढली आणि कॉटनपेटेत नेऊन दिली.

आम्ही घरी आलो तर स्वारी खुशीत. "तुमच्या ठकुबाईंची खेप वाचवली," म्हणाले. "पण बाई जरा विचित्रच हं. पुरचुंडी हातात घेतली आणि नुसत्या बघत राहिल्या. या बसा नाही, काही नाही."

सासूबाई आधी देवघराशेजारची फळी बघून आल्या. मी चंद्रकांतांना काय बोलले ते लिहीत नाही. ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, "अगं, पण तांदूळच होते ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नेसून तयार. "चल," म्हणाल्या. कॉटनपेटेत त्या तोवर कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्या पुरचुंड्यासुद्धा मीच नेऊन ठेवायची. शिंप्याच्या घरात पाणी घ्यावं लागेल, हे त्यांच्या डोक्यात असायचं. मला ते माहीत होतं आणि मला ते आवडत नसे.

ठकुबाईंची पेटी उघडी होती. चंपासाठी केलेले डिंकाचे लाडू बाहेर काढून त्या दुसऱ्या डब्यात भरत होत्या. "अलकाबाईंबरोबर पाठवते," म्हणाल्या. "मी जात नाही. पुरचुंडी घरात आली."

"अहो, ती तुम्ही आणली नाही," मी म्हटलं. "यांचा वेडेपणा. यात काही नसतं हो."

त्यांनी लाडू भरायचे थांबवले. "काही नसतं? मग दर साली माझ्याकडं काय ठेवत होता? माझं जाऊ द्या. पोर अवघडलेली आहे, क्षमाक्का. गेले आणि तिचं काही कमीजास्त झालं, तर? नक्को. मला गाडीची हाव होती, म्हणूनच हे असं झालं." आणि त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. देवाप्पांचं मशीन बंद होतं. मे महिन्यात ते बंद असलेलंही मी तेव्हाच पाहिलं.

सासूबाई उंबऱ्याशी उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, "पुरचुंडी आता कुठाय?"

ठकुबाईंनी डोळे पुसत बोट दाखवलं. हाताच्या सवयीनं त्यांनी ती कोनाड्यातच ठेवली होती, बाकीच्यांच्या पुरचुंड्यांशेजारी.

"त्या कोनाड्यात तुमची काय वस्तू असते?"

"माझी? काही नाही. तो तुमच्या लोकांचा."

"वर्षभर?"

"वर्षभर मोकळा ठेवते. दुसरं काही ठेवलं तर बरं नाही."

सासूबाईंनी मान हलवली. "मग तो तुमच्या घरात धरायचा नाही. सगळ्या मल्लेश्वरमची प्रस्थानं जिथं राहतात ती जागा तुमची कशी होईल? आमच्या फळीवरून प्रस्थान पुढच्या मुक्कामाला आलं, एवढंच. माझा मुलगा मूर्ख आहे, पण पुरचुंडी बरोबर जागी गेली. उद्या उचला आणि निघा."

ठकुबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "असं चालतं?"

"मी सांगते ना."

देवाप्पांनी आतून तांब्या आणला. सासूबाईंनी पाणी घेतलं नाही, तेव्हाही नाही. त्या तशाच वळल्या आणि रस्त्याला लागल्या. परतताना बसमध्ये मी विचारलं, हे कुठल्या पंचांगात लिहिलंय म्हणून. "लिहिलंय असं मी म्हटलं का?" त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी सासूबाईंशी जरा बेतानं भांडायला लागले.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघी फाटकावर जाऊन उभ्या राहिलो. गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून माणसं लोंबत होती. मधल्या एका खिडकीत ठकुबाई दिसल्या, गजांना दोन्ही हातांनी धरून. मी हात केला, हाक मारली. त्यांनी पाहिलं नाही. त्यांचं तोंड पुढे, इंजिनाकडे होतं. चंपाला मुलगा झाला आणि सगळं सुखरूप पार पडलं, हे आम्हाला पुढे पत्रानं कळलं.

अलका रजा संपवून आधी परत आली. मी तिला विचारलं, कसा झाला प्रवास? ती वैतागलेलीच होती. "अहो, कसली सोबत न् काय. दोन रात्री आणि एक दिवस ती बाई खिडकीवरून हलली नाही. माझ्या मुलीला पाच मिनिटं बसू दिलं नाही. जेवा म्हटलं तर हातात घेऊन तशीच. अंधारातसुद्धा बाहेर बघत होत्या. मी म्हटलं, काय दिसतंय एवढं? तर म्हणाल्या, स्वल्प गप्प बसा की."

ठकुबाई श्रावणात परतल्या. मी दुसऱ्याच दिवशी कॉटनपेट गाठलं. खोलीत मल्लेश्वरमच्या बायकांची गर्दी. ज्यांनी ज्यांनी त्यांना प्रवास सांगितले होते त्या सगळ्या आज ऐकायला आल्या होत्या. ठकुबाईंनी नातवाचं वजन सांगितलं, नळाला येणारं पाणी सांगितलं, जावयाचा स्वभाव सांगितला. आणि प्रवास? "बरा झाला." पुढे काहीच नाही. बायका चहा पिऊन एकेक करून उठल्या.

मी बसून राहिले. त्यांची पद्धत त्यांनाच लावायची ठरवून मी त्यांचा दंड धरला. "हं, गाडी हलली. फाटकावर आम्ही उभ्या होतो. पुढं?"

त्या हसल्या, पण मान हलवली.

"अहो, निदान पुलाचं तरी. अळणावरच्या जंगलाचं? डोळ्यात कोळसा गेला का?"

"गेलं एकदोनदा काही," त्या म्हणाल्या. मग माझा हात हळूच सोडवला. "रागावू नका, क्षमाक्का. तुमी सगळ्यांनी सांगितलेलं मी सगळ्यांना वाटलं. हे एवढं मी नाही सांगणार. हे माझं आहे."

मला राग आलाच. मी माझं सगळं सांगितलं होतं, एकेक गोष्ट तीनतीनदा, आणि पावसातून इतक्या लांब आले होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला पुढे विचारवेना. सासर-माहेर मिळून चार गल्ल्यांत ज्या बाईचा जन्म गेला, तिच्याजवळ अखेर स्वतःचं असं काहीतरी होतं. मला त्याचा आनंदही झाला आणि हेवाही वाटला. दोन्ही खरं.

मी उठले तेव्हा देवाप्पांनी मशीन थांबवलं. पावसाळ्यात काम कमीच असायचं. "मलाबी नाही सांगितलं अजून," ते म्हणाले. "मी रोज इचारतो."

"इचारू द्या त्यांना," ठकुबाई मला म्हणाल्या. "इतकी वर्षं मी इचारत होते."